पहिली सिगार ओढण्याआधी

माझा भाचा सव्वीस वर्षांचा आहे. परवा त्याचा फोन आला. "मामा, मित्राचं लग्न ठरलंय. हळदीच्या रात्री गच्चीवर आम्ही चौघं सिगार ओढणार आहोत. तुम्ही जहाजावर होता, तुम्हाला कळतं. कुठली आणू?"

मी विचारलं, "त्या रात्री जेवण किती वाजता आहे?"

"मामा, मी सिगारचं विचारतोय."

"मीही सिगारचंच विचारतोय," मी म्हटलं.

पहिली सिगार बिघडवणाऱ्या गोष्टी तीनच: रिकामं पोट, घाई आणि पानातली ओल. ब्रँडचा नंबर त्यानंतर लागतो. त्या दिवशी फोनवर त्याला जे तुकड्या-तुकड्यात सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. आमचं घर निपाणीचं. दोन पिढ्या आमच्या घरची चूल तंबाखूवर पेटली, त्यामुळे तंबाखू माणसाचं काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. मिश्री लावणाऱ्या, जर्दा चघळणाऱ्या ओळखीच्या माणसांची तोंडं उघडेनाशी झालेली पाहिली आहेत. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनेही होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. ज्याने आजवर तंबाखूला हात लावलेला नाही, त्याने तो न लावणंच बरं. हृदयाचा त्रास असेल, तोंडात जखम किंवा पांढरा चट्टा असेल, घरात कोणी गरोदर असेल, तर हा विषय इथेच सोडा. आणि अठराच्या आतल्या मुलांनी हे पुढे वाचूच नये. एवढं ऐकूनही ज्यांनी वर्षातून एखाद्या वेळी ओढायचं ठरवलंच आहे, त्यांच्यासाठी पुढचं.

आता ओलीबद्दल.

निपाणीत तंबाखूच्या गोदामाला वखार म्हणतात. आमच्या आप्पांची वखार छोटी होती, पण भाव ठरवायला लोक त्यांना बोलवायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातावर एक पान ठेवलं आणि म्हणाले, "मुठीत धर. कडाकडा मोडलं तर वाळलंय. हाताला चिकटलं तर ओलं हाय. मूठ सोडल्यावर आपसूक उलगडलं, तर माल बरोबर हाय." शेतकरी उन्हात वाळवलेली तंबाखू भल्या पहाटे उचलायचे, दवाने पान मऊ असताना, ऊन चढल्यावर हात लावला तर त्याचा भुगा व्हायचा. ही गोष्ट मी पुढे पंचवीस वर्षं विसरलो होतो. ती मला आठवून दिली समुद्रापार एका म्हाताऱ्याने.

1999 साली मी सेकंड इंजिनिअर होतो. आमचं जहाज अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा बंदरात डीएपी खत भरायला लागलं होतं. आपल्याकडे शेतात पडणारं बरंच डीएपी त्या काळी तिथून यायचं. टँपाला इबॉर सिटी नावाचा भाग आहे. 1886 च्या सुमारास विसेंते मार्तिनेस इबॉर या कारखानदाराने तो वसवला आणि क्यूबन, स्पॅनिश, इटालियन कामगारांनी तिथे सिगारी वळून टँपाला 'सिगार सिटी' हे नाव मिळवून दिलं. लाल विटांच्या इमारती, लोखंडी गजांच्या गॅलऱ्या, आणि रस्त्यात मोकळे फिरणारे कोंबडे. जुन्या काळी तिथल्या कारखान्यांत उंच चौथऱ्यावर बसून एक माणूस कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून द्यायचे. 1931 मध्ये मालकांनी हे वाचक काढून टाकले. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांमध्येही अशीच वाचनाची पद्धत होती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून इबॉर मला परकं वाटत नाही.

तर त्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून मी एकटाच तिथे गेलो. सकाळी फक्त चहा घेतला होता. एका दुकानात शिरलो आणि सगळ्यात जाड, सगळ्यात काळी सिगार उचलली. विक्रेत्याने काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर बाकावर बसून सिगारेटसारखे भराभर झुरके घेतले. अर्धी व्हायच्या आत हातपाय गार पडले, कपाळावर घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं आणि बाकाच्या मागे जाऊन उलटी झाली. शेजारच्या छोट्या दुकानात खिडकीशी एक म्हातारा सिगारी वळत बसला होता. त्याने बाहेर येऊन मला आत नेलं, पाणी दिलं, साखरेचे दोन खडे दिले. मग विचारलं, "जेवलास का?"

माझा पहिला प्रश्न तोच का असतो, ते आता कळलं असेल.

सिगारचा धूर आम्लारी असतो, म्हणून त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं. छातीत ओढायची गरज नसते आणि ओढूही नये. रिकाम्या पोटी हे फार लवकर चढतं. म्हणून भरपेट जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानेच सिगार हातात घ्या. खिशात गुळाचा खडा ठेवा. घेरी किंवा मळमळ जाणवली की सिगार लगेच खाली ठेवा, गूळ तोंडात टाका, मोकळ्या हवेत बसून राहा. "एवढी महाग घेतली, संपवायला पाहिजे" हा हिशेब त्या वेळी करू नका.

आता निवड. त्यासाठी सिगार आतून कशी असते ते कळलं पाहिजे. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये कागद नसतो, सगळी पानंच असतात. आतला गाभा तीन-चार लांब पानांचा, त्याभोवती बांधणीचं एक दणकट पान, आणि सगळ्यात वर गुळगुळीत, देखणं पान. गाभ्यातली पानं झाडाच्या कुठल्या भागातली यावर जोर ठरतो. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त मिळतं. ती जाड आणि तिखट असतात, त्यांना लिहेरो म्हणतात. मधली सेको, त्यांच्यातून वास येतो. खालची व्होलादो, ती नीट जळतात म्हणून घालायची. निपाणीच्या माणसाला यात नवल नाही. शेंड्याचं पान कडक, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं.

इथे बहुतेक नवखे रंगाला फसतात. काळी सिगार कडक आणि फिकी सौम्य, असं काही नसतं. वरचं पान गडद होतं ते जास्त आंबवल्यामुळे, आणि अशी काळी सिगार कित्येकदा गोडसर लागते. जोर ठरतो गाभ्यावर. रंगावरून अंदाज न करता दुकानदाराला सरळ विचारा: "आयुष्यातली पहिली आहे. सगळ्यात सौम्य कुठली?" जो दुकानदार हे ऐकून तुम्हाला सगळ्यात महाग सिगार दाखवतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

आकार दोन आकड्यांत सांगतात, लांबी आणि जाडी. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. म्हणजे 5 × 50 लिहिलं असेल तर लांबी पाच इंच आणि जाडी 50/64 इंच, जवळजवळ वीस मिलिमीटर. हा रोबुस्टो. तो पाऊण तास ते तासभर चालतो. पहिल्यांदा तेवढा वेळ नको. 42 जाडीची, पाच इंचाच्या आसपासची पेटिट कोरोना घ्या, अर्ध्या तासात आटोपते. पेट्रोल पंपावर किंवा पानाच्या टपरीवर मिळणाऱ्या बारीक, व्हॅनिला-चेरीच्या वासाच्या सिगारी वेगळ्या. त्यांत बहुधा तंबाखूचा चुरा भरलेला असतो, आणि त्यावरून सिगार कशी असते ते कळत नाही.

नावं सांगायची तर डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेल्या सिगारी बहुतांशी सौम्य. मॅकन्युडो कॅफे त्यातली सोपी. तिचं वरचं पान फिकं कनेक्टिकट शेड, म्हणजे झाडांवर पातळ कापडाची सावली धरून वाढवलेलं. निकाराग्वाच्या सिगारी सहसा तिखट, त्या पुढे कधीतरी. क्यूबन हवीच असेल तर होयो दे मॉन्तेरेयची एपिक्युर नंबर 2 हा रोबुस्टो तुलनेने नरम आहे, किंवा एच. उपमनची छोटी हाफ कोरोना, जेमतेम नऊ सेंटिमीटरची. पार्तागासची सेरी डी नंबर 4 नावाजलेली आहे, पण पहिलीसाठी अजिबात नको.

क्यूबनबद्दल थोडं आणखी. 1962 साली अमेरिकेने क्यूबावर व्यापारबंदी घातली, आणि त्या हुकमावर सही करण्याआधी केनेडींनी आपल्या माध्यम सचिवाकडून स्वतःसाठी बाराशे क्यूबन सिगारी मागवून घेतल्याची गोष्ट त्या सचिवानेच सांगितली आहे. अशा गोष्टींमुळे क्यूबन सिगारभोवती एक वलय तयार झालं आणि नकली मालाचा धंदा फोफावला. हवानाच्या रस्त्यावर "माझी बहीण कारखान्यात आहे, स्वस्तात देतो" म्हणणारा माणूस भेटला तर हात जोडून पुढे निघा. काचेच्या झाकणाची क्यूबन पेटी म्हणजे नकली. खऱ्या पेटीवर हिरवा-पांढरा सरकारी शिक्का असतो, आणि तळाला कारखान्याचा संकेत, महिना आणि साल उमटवलेलं असतं. मला विचाराल तर पहिली सिगार क्यूबन असायची काही गरज नाही.

कुठे घ्यायची? मोठ्या शहरांतली तंबाखूची जुनी दुकानं, पंचतारांकित हॉटेलांतले सिगार लाऊंज, विमानतळावरची ड्युटी फ्री दुकानं. परदेशातून येताना सामानाच्या सवलतीत जास्तीत जास्त 25 सिगारी बसतात. पण ठिकाणापेक्षा मी एकच गोष्ट पाहतो: सिगारी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओल राखणाऱ्या लाकडी कपाटात आहेत की एसीच्या झोताखाली उघड्या मांडल्या आहेत.

आणि मग आप्पांची परीक्षा. विचारून, हात कोरडे करून सिगार अंगठा आणि बोटात धरा. बुडापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. दाबल्यावर किंचित आत जाऊन परत वर आली पाहिजे. कुरकुर वाजली तर वाळलेली आहे. ती भसाभस जळेल, धूर गरम येईल, जीभ सोलून निघाल्यासारखी होईल. दाबलेला खड्डा तसाच राहिला तर सादळलेली आहे, नीट ओढली जाणार नाही आणि सारखी विझेल. मध्येच एखादी गाठ लागली तर तिथे पानं दाटून भरली गेली आहेत, दुसरी घ्या. वरच्या पानाला चीर नको, जाड शीर नको. वास घ्या. गवताच्या गंजीसारखा, लाकडासारखा, थोडा शेणखतासारखा वास चांगलाच. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर माल कच्चा आहे.

इबॉरच्या त्या म्हाताऱ्याने मला सिगार हातात देऊन असंच दाबायला लावलं होतं. मी न शिकवता बरोबर केलं, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुझ्या घरी तंबाखू आहे," तो म्हणाला. विचारत नव्हता, सांगत होता.

घरी आणल्यावर सिगार त्याच दिवशी ओढणार असाल तर काही करायला नको. दोन-चार दिवस ठेवायची असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, ज्याला कसलाही वास नाही. ओल राखणाऱ्या पुड्या बाजारात मिळतात, 65 किंवा 69 टक्के ओल राखणारी एक त्यात टाका. फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका, तिथे पान वाळतं आणि लसणाचा वास धरतं. आपल्याकडे दोन्ही टोकं आहेत. मे महिन्यातल्या नागपुरात उघडी सिगार दोन दिवसांत पापडासारखी होते, जुलैतल्या मुंबई-रत्नागिरीत तिला बुरशी येते. शिवाय उकाड्यात तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, पंचवीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

कापणं. तोंडात धरायच्या टोकाला पानाचीच एक छोटी टोपी चिकटवलेली असते. निरखून पाहा, तिची कड दिसते. त्या कडेच्या वरच, साधारण दोन मिलिमीटर कापायचं. खाली कापलं तर वरचं पान उलगडत जातं आणि सिगार हातात सुटते. दुधारी साधा कटर पुरे, एका दमात दाबायचा. दातांनी तोडणं सिनेमात ठीक दिसतं.

कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेऊन बघा. हवा सहज आली पाहिजे, जाड स्ट्रॉने उसाचा रस ओढल्यासारखी.

पेटवायला मी आजही लांब काडीची काडेपेटी वापरतो. काडी ओढल्यावर गुलाचा वास जाईपर्यंत दोन क्षण थांबा. गॅसचा लायटर चालतो. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, त्यांचा वास पानात उतरतो. सिगार तोंडात न धरता हातात तिरकी धरा, ज्योत टोकाच्या खाली, पानाला न टेकवता, आणि सिगार हळूहळू फिरवत राहा. पापड भाजताना जसा फिरवतो तसा. कड सगळीकडून काळी झाली, मध्ये लाली आली की मग तोंडात धरून, फिरवत फिरवत दोन-तीन हलके झुरके. निखाऱ्यावर फुंकर मारून बघा. कुठे काळं राहिलं असेल तर तिथे पुन्हा काडी दाखवा. या कामाला पूर्ण मिनिट लागू द्या. इथे घाई केली की एक बाजू पुढे पळते आणि शेवटपर्यंत त्रास देते.

आता ओढणं. मिनिटाला एक झुरका, त्यापेक्षा जास्त नाही. धूर तोंडात घ्या, जिभेवर फिरू द्या, सोडा. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगार हातात किंवा राखदाणीवर आडवी असू द्या. भराभर ओढलं की आतलं पान तापतं आणि सगळी चव कडू होते; निम्म्या लोकांना सिगार आवडत नाही त्याचं कारण मला हेच वाटतं. राख सारखी झटकू नका. ती इंचभर होऊ द्या, मग राखदाणीच्या कडेला टेकवा, आपोआप गळेल. मध्येच विझली तर लाज वाटायचं कारण नाही. राख पाडा, हलकीशी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा, पुन्हा पेटवा. नावाची कागदी पट्टी सुरुवातीला काढू नका, डिंकाने चिकटलेली असली तर पान फाटतं. निखारा जवळ आला की उष्णतेने ती सैल होते.

चव शोधायचं ओझं घेऊ नका. कोणी म्हणेल चामडं, कोणी म्हणेल कोको. मला पहिल्या तिसऱ्या भागात भाजलेल्या शेंगदाण्याची सालं आठवतात, मध्ये कधीकधी काकवी. तुम्हाला नुसता धूर लागला तरी बिघडलं नाही. सोबत पाणी हवंच. बिनदुधाची कॉफी किंवा गुळाचा चहा छान जमतो. दारू मला सोबत नको वाटते, विशेषतः पहिल्या वेळी, कारण मळमळ कशाची ते कळत नाही.

शेवटचा तिसरा भाग कडक होत जातो. निकोटीन आणि डांबर मागे साचत आलेलं असतं. पहिल्या वेळी तिथे थांबा. सिगारेटसारखी चिरडू नका, भयंकर वास सुटतो. राखदाणीवर ठेवून द्या, दहा मिनिटांत आपली आपण विझते.

जागा बघून घ्या. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे. सोसायटीचा जिना, व्हरांडा, हॉटेलची बाल्कनी सोडा. स्वतःची मोकळी गच्ची, वारा मंद, आसपास लहान मुलं किंवा म्हातारी माणसं नाहीत, अशी वेळ. पंख्याखाली बसू नका, एक बाजूच जळत जाते. नंतर चूळ भरा, दात घासा, सदरा बाहेर वाळत टाका.

भाच्याला मी शेवटी म्हटलं, चौघांनी चार मोठ्या आणू नका, चार छोट्या आणा. आणि एक वही ठेव. काय ओढलं, आधी काय जेवलास, कुठे थांबलास, दोन ओळी पुरेत. माझ्या वहीतलं पहिलं पान अजून आहे. त्या म्हाताऱ्याने उलटीच्या दिवसानंतर दोन दिवसांनी मला पुन्हा बोलावलं होतं. आधी कोपऱ्यावर क्यूबन सँडविच खायला लावलं आणि मग स्वतः वळलेली एक सिगार दिली. त्या रात्री केबिनमध्ये लिहिलं होतं:

"टँपा. पाच इंच, बारीक, फिकं पान. पोटभर जेवून. दोन भाग ओढून ठेवली, त्रास नाही. मधल्या भागात आप्पांच्या वखारीत पाऊस पडल्यावर यायचा तसा वास."